ज्यूल, युनिट, किलोटन: ऊर्जेचे आणि स्फोटाचे आकडे एकमेकांत कसे बदलायचे

मोठा स्फोट झाला, भूकंप झाला किंवा आकाशात उल्का फुटली, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: 'हिरोशिमावरच्या बॉम्बच्या इतक्या पट ताकद'. हे आकडे येतात कुठून, आपल्याला ते कागदावर पडताळता येतात का, आणि पडताळल्यावर नेमकं काय कळतं, हे या लेखात टप्प्याटप्प्याने पाहू. गणित शाळेतलंच आहे: गुणाकार, भागाकार, दहाचे घात आणि थोडं लॉगॅरिदम. खरी अडचण हातातला आकडा कशाचा आहे हे ओळखण्यात येते. किलोटन (हजार टन टीएनटी या स्फोटकाइतकी) म्हणजे फक्त ऊर्जा. ती किती वेळात बाहेर पडली आणि तिने काय उद्ध्वस्त केलं, हे किलोटन सांगत नाही. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

पहिला टप्पा: आकडा कशाचा आहे ते ठरवा

आकडा चारपैकी एका गोष्टीचा असतो. ऊर्जेचा (ज्यूल, कॅलरी, युनिट, किलोटन), शक्तीचा म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा याचा (वॉट, मेगावॉट, एचपी), वजनाचा (इतके टन दारूगोळा), किंवा भूकंपाच्या तीव्रतेचा, ज्याला आपण सवयीने रिश्टर म्हणतो. ऊर्जेचं ऊर्जेत रूपांतर थेट होतं. बाकी तिघांना आधी ऊर्जेत आणावं लागतं आणि त्यासाठी जास्तीची माहिती लागते: शक्तीसाठी वेळ, वजनासाठी पदार्थ कोणता ते, आणि तीव्रतेसाठी योग्य सूत्र.

सर्वांत जास्त गल्लत किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांत होते. विहिरीवरची ५ एचपीची मोटर म्हणजे ५ × ७४६ = ३,७३० वॉट, साधारण ३.७३ किलोवॉट. ही शक्ती झाली. ती आठ तास चालली तर ३.७३ × ८ = सुमारे ३० किलोवॉट-तास, म्हणजे ३० युनिट. ही ऊर्जा झाली, आणि बिल हिचं येतं. (मोटर स्वतः थोडी वीज खाते, म्हणून मीटरवर याहून जास्त दिसेल.)

दुसरी गल्लत 'टन' या शब्दापाशी. वजनाचा टन म्हणजे १,००० किलो. एसीचा टन म्हणजे थंड करण्याचा दर: एक अमेरिकी टन (९०७ किलो) बर्फ २४ तासांत वितळवायला जितकी उष्णता लागते तितकी खेचण्याची क्षमता, म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक) किंवा ३.५२ किलोवॉट. आणि टीएनटीचा टन म्हणजे ऊर्जा. नाव एकच असलं तरी एक वजन आहे, एक शक्ती आणि एक ऊर्जा, त्यामुळे या तिघांची बेरीज-वजाबाकी होऊ शकत नाही.

दुसरा टप्पा: सगळं आधी ज्यूलमध्ये आणा

कॅलरीतून किलोटनात, युनिटमधून बीटीयूत अशा थेट उड्या मारू नका. प्रत्येक आकडा आधी ज्यूलमध्ये न्या आणि तिथून हव्या त्या एककात उतरवा. ज्यूलमध्ये जाताना गुणायचं, ज्यूलमधून बाहेर पडताना भागायचं. त्यासाठी एवढी यादी पुरते (१०^९ म्हणजे एकावर नऊ शून्यं):

१ कॅलरी = ४.१८४ ज्यूल
१ किलोकॅलरी = ४,१८४ ज्यूल
१ बीटीयू = सुमारे १,०५५ ज्यूल
१ युनिट (किलोवॉट-तास) = ३६ लाख ज्यूल
१ टन टीएनटी = ४.१८४ × १०^९ ज्यूल
१ टन खनिज तेल, ऊर्जेच्या हिशोबात = ४१.८६८ × १०^९ ज्यूल
१ किलोटन = ४.१८४ × १०^१२ ज्यूल
१ मेगाटन = ४.१८४ × १०^१५ ज्यूल

कॅलरी आणि टीएनटी या दोन्हींत ४.१८४ हाच आकडा आहे, कारण टीएनटीच्या टनाची व्याख्याच कॅलरीवरून केलेली आहे. खरं टीएनटी फुटताना नेमकी किती उष्णता देतं हे मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतं. म्हणून संकेताने ठरवलं गेलं की १ ग्रॅम म्हणजे १,००० कॅलरी. त्यामुळे एक सोय झाली: १ किलो टीएनटी म्हणजे बरोबर १,००० किलोकॅलरी.

आता बिस्किटाच्या पुड्यामागचा तक्ता बघा. १०० ग्रॅममागे साधारण ४५० किलोकॅलरी लिहिलेल्या असतात. ४५० × ४,१८४ = सुमारे १८.८ लाख ज्यूल. म्हणजे १०० ग्रॅम बिस्किटांत ४५० ग्रॅम टीएनटीइतकी ऊर्जा आहे. हिशोबात चूक नाही. वजनाला वजन धरलं तर पिठूळ-गोड पदार्थ, तेल, पेट्रोल, सगळ्यांत टीएनटीहून कितीतरी जास्त ऊर्जा असते. वरच्या यादीतच पाहा, एक टन खनिज तेलाची ऊर्जा दहा टन टीएनटीएवढी आहे.

मग टीएनटी भयंकर का? त्याला जळायला बाहेरची हवा लागत नाही आणि ते क्षणात फुटतं. एक किलो टीएनटीचा ठोकळा सुमारे साडेआठ सेंटिमीटर बाजूचा होईल. त्यातून स्फोटाची लाट सेकंदाला जवळजवळ ७ किलोमीटर वेगाने धावते, म्हणजे ठोकळा सेकंदाच्या सुमारे १२ दशलक्षांश भागात संपतो. ४१.८४ लाख ज्यूलला एवढ्याशा वेळाने भागा, ३.४ लाख मेगावॉटच्या आसपास उत्तर येतं. कोयना जलविद्युत प्रकल्पाची सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे, तिच्या सुमारे १७० पट. आणि ऊर्जा मात्र विजेच्या सव्वा युनिटाहूनही कमी: ४१.८४ लाख ÷ ३६ लाख = १.१६.

तिसरा टप्पा: मिलियन, लाख, कोटी जुळवा

शून्यं चुकण्याची जागा बहुतेक वेळा हीच असते. आपल्या वीज क्षेत्रात 'एमयू' म्हणजे मिलियन युनिट चालतं, बातमीत कोटी युनिट येतं आणि स्फोटाचा आकडा किलोटनात असतो. हे तीन आकडे जवळ ठेवा:

१ किलोटन = ११.६२ लाख युनिट
१ मेगाटन = ११६.२ कोटी युनिट
१ एमयू = १० लाख युनिट = ०.८६ किलोटन

हिरोशिमावरच्या बॉम्बची ऊर्जा साधारण १५ किलोटन धरली जाते. १५ × ११.६२ लाख = सुमारे १.७४ कोटी युनिट. कोयना प्रकल्प पूर्ण क्षमतेने तासाला १९.६ लाख युनिट देईल. १.७४ कोटी ÷ १९.६ लाख = ८.९. म्हणजे तेवढी वीज निर्माण करायला कोयनेला नऊ तास पुरतात. ६ ऑगस्ट १९४५ ला तीच ऊर्जा सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या आसपास एका शहरावर सुटली, आणि त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली असा त्या शहराचा अंदाज आहे. दोन्हीकडचा ज्यूलचा आकडा सारखाच असल्यामुळे 'इतके हिरोशिमा' अशी तुलना वाचताना मला नेहमी वाटतं, की कंसात वेळही द्यायला हवा.

चौथा टप्पा: ऊर्जा थेट दिलेली नसेल तेव्हा

*वेग आणि वजनावरून.* १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली. तिचं वजन सुमारे १२,००० टन आणि वेग सेकंदाला १९ किलोमीटर धरतात. सूत्र गतिज ऊर्जेचं: अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग.

वस्तुमान किलोत: १.२ × १०^७. वेग मीटरमध्ये: १९,०००, त्याचा वर्ग ३.६१ × १०^८.
०.५ × १.२ × १०^७ × ३.६१ × १०^८ = २.१७ × १०^१५ ज्यूल.
भागिले ४.१८४ × १०^१२ = सुमारे ५२० किलोटन.

शास्त्रज्ञांचे अंदाजही ५०० किलोटनच्या आसपासच आहेत. इथे चूक होते ती वेग किलोमीटरमध्येच ठेवून वर्ग केल्यामुळे, आणि मग उत्तर दहा लाख पटींनी कमी येतं. पडताळ्यासाठी एक सोपी युक्ती: सेकंदाला २.९ किलोमीटर वेग असेल तर कुठल्याही वस्तूची गतिज ऊर्जा तिच्याच वजनाच्या टीएनटीएवढी असते. १९ हा वेग २.९ च्या साडेसहा पट, त्याचा वर्ग सुमारे ४३, आणि १२,००० टन × ४३ = ५ लाख १६ हजार टन. जुळलं.

*फोटोवरून.* मला हे उदाहरण सगळ्यांत आवडतं. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुचाचणी झाली. तिची ऊर्जा गुप्त होती, पण आगीच्या गोळ्याचे फोटो नंतर प्रसिद्ध झाले, त्यांवर वेळ आणि लांबीची पट्टी होती. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी तेवढ्यावरून ऊर्जा काढली. त्यांचा युक्तिवाद असा: गोळा किती पसरतो हे फक्त ऊर्जा, वेळ आणि हवेची घनता यांवर ठरतं. या तिघांची एककं जुळवून ऊर्जा मिळवायची तर मांडणी एकच होऊ शकते:

ऊर्जा ≈ घनता × त्रिज्येचा पाचवा घात ÷ वेळेचा वर्ग

२५ मिलिसेकंदांना त्रिज्या सुमारे १४० मीटर दिसते. १४० चा पाचवा घात ५.३८ × १०^१०. हवेची घनता १.२ किलो दर घनमीटर. वेळेचा वर्ग ०.०२५ × ०.०२५ = ०.०००६२५.
१.२ × ५.३८ × १०^१० ÷ ०.०००६२५ = १.०३ × १०^१४ ज्यूल, म्हणजे सुमारे २५ किलोटन.

या चाचणीचे मान्य आकडे २१ ते २५ किलोटन या पट्ट्यात आहेत. मात्र त्रिज्येचा पाचवा घात आहे हे विसरू नका. फोटोवर त्रिज्या मोजताना ५ टक्क्यांची चूक झाली, तर उत्तरात २५ टक्क्यांहून जास्त फरक पडतो.

*भूकंपाच्या तीव्रतेवरून.* लहरींवाटे बाहेर पडलेली ऊर्जा काढायचं प्रचलित सूत्र असं: ऊर्जेचा (ज्यूलमध्ये) लॉग = १.५ × तीव्रता + ४.८.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. १.५ × ६.२ = ९.३, अधिक ४.८ = १४.१. दहाचा १४.१ वा घात म्हणजे १.२६ × १०^१४ ज्यूल, म्हणजेच सुमारे ३० किलोटन. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपाची तीव्रता ७.७ धरली तर १६.३५ येतात, ऊर्जा २.२४ × १०^१६ ज्यूल, म्हणजे ५.३ मेगाटनच्या वर. तीव्रतेत फरक दीडचा, ऊर्जेत जवळजवळ १८० पट. तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. बातम्यांत '१० पट' येतं ते जमिनीच्या हालचालीबद्दल, ऊर्जेबद्दल नाही.

किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि ती ३० किलोटनमुळे गेली असं म्हणता येत नाही. भूकंपाचं केंद्र उथळ होतं, वेळ झोपेची होती, आणि दगड-मातीच्या जाड भिंतींवर माळवदाचा प्रचंड भार होता. तीच घरं हलक्या छपराची आणि भिंती नीट बांधलेल्या असत्या, तर ऊर्जा तेवढीच राहून गावं वाचली असती. म्हणूनच भूकंपाला 'दोन हिरोशिमा' म्हणणं मला पटत नाही. बांधकामाबद्दल विचारायचा प्रश्न त्या तुलनेत झाकला जातो.

पाचवा टप्पा: भूकंपाचं सूत्र बॉम्बला लावू नका

११ मे १९९८ ला पोखरणला एकाच वेळी भारताचे तीन अणुस्फोट झाले. जगभरच्या भूकंपमापकांवर नोंद झाली ती साधारण ५.२ तीव्रतेची. वरचं सूत्र लावून पाहा: १.५ × ५.२ + ४.८ = १२.६, म्हणजे सुमारे ४ × १०^१२ ज्यूल, एक किलोटनहूनही कमी. भारताच्या दाव्यावर शंका घेणाऱ्यांनीही इतका कमी आकडा कधी दिला नाही. चूक कुठे झाली? जमिनीखालच्या स्फोटाची बहुतेक ऊर्जा खडक वितळवण्यात आणि फोडण्यात जाते, लहरींत तिचा छोटासाच भाग उतरतो. म्हणून अशा स्फोटांची सूत्रं वेगळी आहेत, आणि ती चाचणीच्या जागेच्या खडकाप्रमाणे बदलतात. कझाकस्तानातल्या सेमिपालातिन्स्कच्या कठीण खडकासाठी वापरलं जाणारं सूत्र असं:

तीव्रता = ४.४५ + ०.७५ × (किलोटनचा लॉग)

५.२ घातलं की (५.२ − ४.४५) ÷ ०.७५ = १, म्हणजे १० किलोटन. भारताने जाहीर केलेले आकडे होते ४३, १२ आणि ०.२, बेरीज सुमारे ५५ किलोटन. एवढी मोठी तफावत राहिल्यामुळे वाद झाला. भारतीय अणुशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की पोखरणचा भूस्तर वेगळा आहे, आणि जवळजवळच्या दोन मोठ्या स्फोटांच्या लहरींनी एकमेकींना काही दिशांत कमी केलं. परदेशातल्या अनेक भूकंपशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. २००९ मध्ये चाचण्यांशी संबंधित असलेले के. संथानम यांनीही त्यांतल्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी अपेक्षेइतकी यशस्वी नव्हती असं जाहीरपणे म्हटलं, आणि अणुऊर्जा विभागाने ते फेटाळलं.

कोण बरोबर हे इथे ठरणार नाही, पण सूत्र किती नाजूक आहे ते बघता येतं. तीव्रता ०.३ ने जास्त धरा: ०.३ ÷ ०.७५ = ०.४, दहाचा ०.४ वा घात म्हणजे २.५. १० चे थेट २५ किलोटन झाले. म्हणून लहरींवरून काढलेला किलोटनचा आकडा लिहिताना तो कुणी आणि कोणत्या सूत्राने काढला हे सोबत लिहायलाच हवं.

सहावा टप्पा: मालाचं वजन म्हणजे टीएनटीचं वजन नव्हे

४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात फुटलेलं अमोनियम नायट्रेट २,७५० टन होतं असं सांगितलं जातं. पण या पदार्थाची स्फोटक क्षमता वजनाला वजन टीएनटीच्या निम्म्याहूनही कमी, साधारण ०.४ पट. २,७५० × ०.४ = १,१०० टन, म्हणजे जास्तीत जास्त १.१ किलोटन. व्हिडिओंवरून आणि लहरींवरून काढलेले बरेचसे अंदाज अर्धा ते एक किलोटनच्या आसपास येतात, म्हणजे कमाल मर्यादेच्या आत.

मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, त्यासोबत कापसाच्या गाठीही. म्हणून हा १.४ किलोटनचा स्फोट होता असं लिहू नये. दारूगोळ्याच्या वजनात गोळ्यांचं पोलादही येतं, आणि जहाज एकदम नाही, अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा फुटलं. त्या दिवशी आग विझवताना गेलेल्या ६६ अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

घरच्या सिलिंडरचं गणितही असंच फसवं आहे. १४.२ किलो गॅस, किलोला साधारण ४६ मेगाज्यूल, म्हणजे ६५३ मेगाज्यूल: १८१ युनिट किंवा १५६ किलो टीएनटी. पण गॅसला हवा लागते, तीही ठरावीक प्रमाणात मिसळलेली, आणि दुर्घटनेत त्यातला थोडाच भाग एकदम पेटतो. गळती जीवघेणी आहेच, मात्र '१५६ किलो टीएनटीचा स्फोट' हा मथळा चुकीचा आहे.

सातवा टप्पा: ऊर्जेवरून अंतर काढताना घनमूळ घ्या

३० ऑक्टोबर १९६१ ला सोव्हिएत संघाने नोवाया झेम्ल्यावर फोडलेला बॉम्ब सुमारे ५० मेगाटनचा होता. ५०,००० ÷ १५ = हिरोशिमाच्या ३,३३३ पट ऊर्जा. नुकसान ३,३३३ पट दूरवर पोचलं का? नाही. स्फोटाचा दाब सगळ्या दिशांना, घनफळात पसरतो. म्हणून सारख्या दाबाचं अंतर ऊर्जेच्या घनमुळाप्रमाणे वाढतं. ३,३३३ चं घनमूळ सुमारे १५ (१५ × १५ × १५ = ३,३७५, म्हणजे बरोबर आहे). अंतर १५ पट, क्षेत्रफळ सुमारे २२५ पट. उलटही करून बघा: अंतर दुप्पट हवं तर ऊर्जा आठ पट लागते. हा नियम हवेच्या दाबाचा आहे. अण्वस्त्राच्या उष्णतेने भाजण्याचं अंतर याहून वेगाने वाढतं, आणि किरणोत्सर्गाला तर हा नियम लागूच होत नाही.

आठवा टप्पा: किती अंक लिहायचे

कॅल्क्युलेटर दहा अंक देतो, ते सगळे उतरवू नका. हिरोशिमाचा आकडा कुणी १५ देतं, कुणी १६, म्हणून कोयनेचं उत्तर ८.९ तास न लिहिता 'सुमारे नऊ तास' लिहावं. किल्लारीची तीव्रता ६.२ ऐवजी ६.१ किंवा ६.३ असेल, तर ३० किलोटनचे २१ किंवा ४२ होतात, मग ३०.०९ लिहिण्यात अर्थ नाही. ४३ किलोटन ज्यूलमध्ये लिहायचे तर १.७९९१२ × १०^१४ नको, १.८ × १०^१४ पुरे. शेवटी उत्तर उलट फिरवून बघा: १.८ × १०^१४ ला ४.१८४ × १०^१२ ने भागल्यावर परत ४३ आले पाहिजेत. नाही आले तर बहुधा एखादं शून्य हरवलेलं असतं, आणि ते लाख-मिलियनच्या ओळीत सापडतं.